चिखलदऱ्यात मुक्काम करायचा? ॲडव्हान्स पाठवण्याआधी हे विचारून घ्या

परतवाडा : डवरणी-निंदण आटोपलं, एक-दोन फवारण्या झाल्या की पोळ्याच्या आधी शेतकऱ्याला चार दिवस जरा उसंत मिळते. नेमकं त्याच दिवसांत चिखलदरा धुक्यात बुडालेला असतो. आधी आपल्याकडची मंडळी भाकरीचा डबा बांधून सकाळी जायची, देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड पाहून दिवस मावळायच्या आत घाट उतरायची. आता लेकरं ऐकत नाहीत. मोबाइलवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, बाबा, एक रात्र राहू.

राहायला हरकत नाही. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांना लग्नातला जानवसा आणि शेगावचं भक्तनिवास सोडून बाहेर खोली घेऊन राहायची सवय नाही. मलाही नव्हती. म्हणून मागच्या श्रावणात आमची काय गंमत झाली ते आधी सांगतो.

आम्ही सहा जण होतो. मी, बायको, दोन लेकरं, भाऊ आणि आई. आईचं वय सत्तरच्या पुढं, गुडघे दुखतात. सहा-सात खोल्यांचं एक छोटं ठिकाण फोनवर ठरवलं. फोटो छान होते, खिडकीतून दरी दिसत होती. ॲडव्हान्स पाठवला. तिथं गेल्यावर कळलं की दरी दिसणाऱ्या खोल्या रस्त्याच्या खाली, उतारावर आहेत. चाळीसच्या वर पायऱ्या, शेवाळलेल्या, आणि कठडा फक्त एका बाजूनं. आईनं वरूनच पाहिलं आणि म्हणाली, "मले नाही जमत बापू एवढं उतरणं. तुमी जा, मी इथंच बसतो." कसंबसं धरून खाली नेली, तर संडास देशी. ती बाई रात्रभर पाणी प्याली नाही, उठावं लागू नये म्हणून. हे मला दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर कळलं.

मालकाला मी जाब विचारला. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही विचारलंच नाही." खरं होतं. त्यानं सांगायला पाहिजे होतं हेही तितकंच खरं. पण छोट्या ठिकाणी कोणी आपणहून सांगत नाही आणि फोटोत पायऱ्या दिसत नाहीत.

फोनवर काय विचारायचं

पहिला प्रश्न भाड्याचा नको. आधी विचारा, गाडी उभी राहते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती? चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंचीवर, गाविलगडच्या डोंगरावर वसलेलं आहे. सपाट जागा कमी, त्यामुळे बांधकामं उतारावर आहेत. म्हातारं माणूस, पोटुशी बाई किंवा पाय मोडलेलं कोणी सोबत असेल तर रस्त्याच्या बरोबरीची खोली मागा, दरी नाही दिसली तरी चालते. संडास देशी की कमोड, खोलीला लागून की बाहेर, हे विचारायला लाजू नका.

मग लाइटचं विचारा. वादळी पावसात लाइट जाते. इन्व्हर्टर आहे का, तो किती वेळ चालतो, मोबाइल चार्ज होईल का? नंतर पाण्याचं. गरम पाणी किती ते किती मिळतं? अनेक ठिकाणी सकाळी दोन-तीन तासच मिळतं. एका खोलीत किती माणसं चालतात, जास्तीच्या गादीचे किती, लेकरांचे पैसे किती वर्षांपासून लागतात? आपल्या घरातून सहा म्हणून निघतात आणि पोहोचेपर्यंत नऊ होतात, म्हणून आकडा खरा सांगा. खोली सोडायची वेळही विचारा. काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशोब असतो, काही ठिकाणी सकाळी दहा-अकराला खोली रिकामी करावी लागते. मग तुम्ही आदल्या रात्री नऊला पोहोचलेले असा की दुपारी बाराला.

हे सगळं बोलून झालं की तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. तारीख, खोल्या किती, माणसं किती, भाडं किती, ॲडव्हान्स किती, घाट बंद झाला तर पैसे परत की पुढची तारीख. समोरून नुसतं 'हो' आलं तरी चालते, भांडणात ते कामी येते.

पैसे पाठवताना

हॉटेलच्या नावानं खोटी वेबसाइट किंवा नकाशावर खोटा नंबर टाकून पैसे उकळणारे आहेत. पर्यटकांना असं फसवलं जातं म्हणून केंद्राच्या सायबर यंत्रणेनं लोकांना सावध केलेलं आहे. ओळखायची सोपी खूण सांगतो. खरा मालक तुम्हाला रस्ता सांगू शकतो. त्याला विचारा, बसस्टँडवरून यायचं कसं, शेजारी काय आहे? व्हिडिओ कॉल लावून खोली दाखवा म्हणा. जो "आताच पूर्ण पैसे टाका, नाहीतर रूम जाते" म्हणून मागं लागतो, त्याला नमस्कार करा. पूर्ण पैसे आधी देऊच नका, थोडा ॲडव्हान्स पुरतो. पैसे टाकताना स्क्रीनवर नाव कोणाचं येतं ते वाचा.

आणि कोणी म्हणालं की तुमचे पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका, तर तिथंच थांबा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन जाईल तितकी पैसे अडकवून ठेवायची शक्यता जास्त.

बिलाचंही समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ टक्के होता. म्हणजे दोन हजारांच्या खोलीवर शंभर रुपये. पण ज्याची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला हा कर लावता येत नाही. वर्षाचा धंदा वीस लाखांच्या आत असला तर नोंदणी सक्तीची नसते आणि घरगुती ठिकाणं बहुतेक त्यातच मोडतात. कर लावला असेल तर छापील बिल मागा, त्यावर जीएसटी नंबर पाहा. जेवणाच्या बिलात 'सर्व्हिस चार्ज' आपोआप जोडता येत नाही, तसं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे. तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ओळखपत्र

खोलीत जे जे मोठं माणूस झोपणार, त्या प्रत्येकाचं ओळखपत्र न्या. घरातल्या एकाचं आधार चालेल असं समजून जाऊ नका. आयाबायांचं आधार बहुतेक घरी ट्रंकेत राहते. रजिस्टरमध्ये नोंद करणं मालकाला भागच आहे, त्याला त्यासाठी शिव्या देण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी आपल्याच जिल्ह्याचा पत्ता पाहून खोली नाकारतात, म्हणून ॲडव्हान्स टाकण्याआधीच गाव सांगून टाका.

आधारची झेरॉक्स द्यायची भीती वाटत असेल तर 'मास्क्ड आधार' डाउनलोड करा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. झेरॉक्स दिलीच तर तिच्यावर आडवं लिहा, कोणत्या ठिकाणच्या मुक्कामासाठी दिली ते आणि तारीख.

गॅस गीझर आणि शेगडी : हे मात्र नीट वाचा

बाकी सगळं चुकलं तर पैसे जातात किंवा झोप जाते. इथं चुकलं तर जीव जातो.

छोट्या ठिकाणी लाइटचा भरोसा नसतो म्हणून पाणी तापवायला गॅसचा गीझर लावतात. गॅस जळताना हवा लागते. लहानशा बंद न्हाणीत हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडर लिकेज झाल्यावर जो वास येतो तसं इथं काहीच होत नाही. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, अंगातली ताकद जाते. माणसाला वाटतं उपाशीपोटी आंघोळीला आलो म्हणून चक्कर आली. दार उघडायचं सुचायच्या आत तो खाली पडतो. थंडीमुळे खिडकी कागदानं किंवा चिंधीनं बुजवलेली असली तर धोका आणखी वाढतो.

म्हणून खोलीत गेल्यावर सामान ठेवण्याआधी न्हाणी पाहा. गीझर आतच टांगलेला असेल तर मालकाला सांगा, बाहेरून गरम पाण्याची बादली द्या. ते जमत नसेल तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, पाच मिनिटं हवा खेळू द्या, मगच आत जा आणि आंघोळ करा. एकामागून एक चार जण गीझर चालू ठेवून आंघोळ करतात, ते अजिबात नको. लेकरांना आतून कडी लावू देऊ नका.

कोळशाच्या शेगडीचंही तेच. डिसेंबर-जानेवारीत थंडी लय असते, लोक शेगडी खोलीत घेतात आणि दार लावून झोपतात. विझत आलेला कोळसाही तोच वायू सोडतो. जाडी गोधडी मागा, एकावर दोन घ्या, पण शेगडी बाहेर. कोणाला भोवळ आली तर आधी उघड्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. फोनला रेंज नसेल तर मालकाला उठवा, गाडी काढायला लावा.

जेवण

छोट्या ठिकाणी मेन्यू कार्डाच्या मागं लागू नका. चार-दोन माणसांचा स्वयंपाक असतो, किराणा खालून परतवाड्यावरून येतो. रात्रीच्या जेवणाचं दुपारीच सांगा. झुणका-भाकर, वांग्याची भाजी, पातोडी सांगितली तर ताजी मिळते. पनीर मागितलं तर काय येईल सांगता येत नाही. काही घरगुती ठिकाणी कुटकीचा भात करून देतात. मेळघाटातल्या कोरकू घरांतलं हे धान्य आहे, एकदा खाऊन पाहा. आईला साखरेचा त्रास, तिखट चालत नाही, असं काही असेल तर आधीच सांगून ठेवा.

खिडकी उघडी ठेवून बाहेर जाऊ नका. वानरं आत येतात आणि पिशवीची चेनही उघडतात. त्यांना फुटाणे देणारे आपलेच लोक आहेत, मग सवय लागणारच.

जंगलातलं विश्रामगृह घेणार असाल तर

चिखलदऱ्याच्या गर्दीत राहायचं नसेल तर वन विभागाची विश्रामगृहं आणि निवास संकुलं आहेत. सेमाडोह, हरिसाल, सिपना नदीच्या काठावरचं कोलकास, आणि अकोटकडच्या मंडळींना जवळचं शहानूर, जिथून नरनाळा किल्ला पाहता येतो. चिखलदऱ्यात पर्यटन महामंडळाचं निवासही आहे. या ठिकाणांचं बुकिंग त्यांच्या अधिकृत वेबसाइटवरच करा, कोणा एजंटाला पैसे देऊ नका.

पण हे हॉटेल नव्हे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. अंधार पडल्यावर आवाराच्या बाहेर पाय टाकायचा नाही, गाणी लावायची नाहीत, शेकोटी परवानगीशिवाय नाही. टीव्ही नसेल, बऱ्याच ठिकाणी रेंजही नसेल, घरी तसं सांगून निघा. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. तेव्हा वाघ दाखवतो म्हणून लेकरांना कबूल करू नका. बॅटरी न्या. सकाळी बूट झटकूनच पाय घाला, ते तर शेतकऱ्याला सांगायला नको. साप किंवा विंचू चावला तर झाडपाल्यात वेळ घालवू नका, सरळ दवाखान्यात न्या. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, खाली अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय.

शेतातली किंवा गावातली घरगुती राहण्याची सोय घ्यायची तर मालकाकडे नोंदणी आहे का ते विचारा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडून नोंदणी प्रमाणपत्र मिळतं. नोंदणी असली म्हणजे सगळं चांगलंच असेल असं नाही, पण तक्रार कुठं करायची ते तरी कळतं.

घाटाचं

परतवाड्यावरून वर जायला दोन रस्ते, एक धामणगाव गढीवरून आणि दुसरा घटांगवरून. गर्दीच्या शनिवार-रविवारी पोलीस वाहतूक एकेरी करतात, जोराच्या पावसात दरड येऊन रस्ता बंदही होतो. म्हणून निघण्याआधी खोलीच्या मालकालाच फोन करा, आज कोणता रस्ता चालू आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं. पेट्रोल आणि रोख पैसे परतवाड्यातच घ्या. रेंज गेली की फोनवरचे पैसे फोनमध्येच राहतात. अंधाराच्या आत पोहोचा. धुक्यात मोठा लाइट मारला तर समोर पांढरी भिंतच दिसते, छोटाच ठेवा. उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे आहेत, तसं करू नका. ब्रेक तापतात आणि वळणावर दगा देतात.

परत येताना खवा घ्यायचाच असेल तर निघायच्या दिवशी सकाळी घ्या, आदल्या रात्री घेऊन खोलीत ठेवू नका. मोथ्याच्या आणि आसपासच्या गवळी लोकांचा खवा चांगला असतो, पण खाली उतरलं की उकाडा लागतो आणि बंद डिकीत तो गावापर्यंत टिकत नाही. डबा मांडीवर घ्या, झाकण थोडं सैल ठेवा.