जुना लॅपटॉप मोडीत काढण्याआधी

हरसूलला पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क एकाच वेळी असणे हेच मोठे नशीब. गेल्या पावसाळ्यात थोरल्या लेकीच्या प्रवेशाचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा दोन्ही होते. अडला तो लॅपटॉप. एकीकडे अर्ज, दुसरीकडे आमची उर्दूची प्रश्नपत्रिका उघडी, आणि पडदा जागच्या जागी थिजला. अर्ज शेवटी मोबाइलवर कसाबसा भरला.

"अम्मी, आता नवीनच घ्यावा लागेल," लेक म्हणाली. नाशिकच्या एका दुकानदारानेही तेच सांगितले. पण नव्या लॅपटॉपचे पैसे म्हणजे तिच्या वसतिगृहाचे पैसे. म्हणून आधी दुखणे कुठे आहे ते पाहायचे ठरवले.

लॅपटॉपची हार्ड डिस्क म्हणजे स्वयंपाकघरातले फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. सामान फडताळात राहते, पण काम ओट्यावर होते. ओटा लहान असला की एक भांडे उचलल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही. आमच्या 2016 सालच्या लॅपटॉपचा ओटा 4 जीबीचा होता.

हे घरीच तपासता येते. नेहमीची कामे उघडी ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' पाहा. मेमरी सतत 90 टक्क्यांच्या आसपास भरलेली असेल, तर रॅम वाढवून फरक पडेल. तिथेच किती खाचा वापरात आहेत तेही दिसते. आमच्या दोनपैकी एक रिकामी होती. काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र रॅम बोर्डालाच जोडलेली असते. ती बदलता येत नाही.

आता आमची चूक सांगतो. "चार जीबीची रॅम द्या" एवढेच बोलून आम्ही डीडीआर4 ची पट्टी घेऊन आलो. आमच्या लॅपटॉपला लागत होती डीडीआर3एल. दोन्हींच्या कापाची जागा वेगळी, त्यामुळे पट्टी बसेचना. नाशिकची दुसरी खेप पदरी पडली. साधी डीडीआर3 तर बसते, पण ती 1.5 व्होल्टची आणि डीडीआर3एल 1.35 व्होल्टची, काही लॅपटॉप साध्या पट्टीवर सुरूच होत नाहीत. तेव्हा जुन्या पट्टीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून न्या, किंवा लॅपटॉपच सोबत न्या.

पट्टी लेकीनेच बसवली. लॅपटॉप बंद करून चार्जर काढला, बॅटरी वेगळी केली आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले. अंगातली स्थिर वीज पट्टीला मारक ठरू शकते, म्हणून आधी धातूला हात लावला. पट्टी कडेला धरून तिरपी खाचेत सरकवली आणि हलकेच खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा 'टक्' आवाज आला. पडद्यावर 8 जीबी दिसले तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. आता अर्ज आणि प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी उघड्या राहतात.

रॅमने सगळेच रोग बरे होत नाहीत. सुरू व्हायलाच पाच-पाच मिनिटे लागत असतील, तर बहुधा जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी घालावी लागेल. विंडोज 10 चा नेहमीचा आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ज्या लॅपटॉपवर विंडोज 11 चालत नाही, त्यावर लिनक्सची मोफत प्रणाली टाकता येते. शिवाय 2025 च्या अखेरीपासून रॅमच्या किमती चढल्या आहेत. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी हे त्याचे मोठे कारण. दुरुस्तीच्या दुकानात वापरलेली पट्टी स्वस्त मिळू शकते, पण ती तिथेच लावून, लॅपटॉप सुरू करून पाहा आणि मगच पैसे द्या.

आमचे वसतिगृहाचे पैसे वाचले. तुमच्याही घरात एखादा लॅपटॉप 'स्लो झालाय' म्हणून कपाटावर पडला असेल. मोडीत देण्याआधी तो एकदा खाली काढा, आणि तपासायचे काम मुलांकडे सोपवा.