पिंपळावरचा मुंज्या : पडद्यावरचा आणि मनोरीचा

गेल्या जानेवारीत आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाने मनोरीला एका रात्रीचे आकाशदर्शन शिबिर घेतले. मनोरी हे मुंबईच्याच हद्दीतले गाव. पण तेथे जाण्यासाठी मालाडहून मार्वेच्या धक्क्यावर जाऊन होडीने खाडी ओलांडावी लागते. रस्त्याने जायचे तर भाईंदर-उत्तनचा मोठा वळसा पडतो. कोळी आणि ईस्ट इंडियन लोकांची जुनी वस्ती, किनाऱ्यावर माड आणि सुरूची झाडे, आणि पश्चिमेला उघडा समुद्र. त्यामुळे त्या दिशेचे आकाश शहराच्या मानाने बरेच काळोखे असते.

जेवणे झाल्यावर काही मुले मोबाइलवर ‘मुंज्या’ हा चित्रपट पाहत बसली होती. रात्री दहाच्या सुमारास अकरावीतला एक विद्यार्थी पाणी आणायला गेला आणि रिकामीच बादली घेऊन धावत परत आला.

“सर, पिंपळाखाली एक पोरगा उभा आहे. नीट बघायला गेलं की दिसत नाही, मान वळवली की पुन्हा दिसतो. आणि वर झाडात कुणीतरी टाळ्या वाजवतंय!”

मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण त्याने जे सांगितले ते निरीक्षण म्हणून अगदी अचूक होते. आम्ही विजेरी घेऊन गेलो. पिंपळाच्या पलीकडे रोवलेल्या एका बांबूला प्लॅस्टिकचे पांढरे पोते अडकवलेले होते. प्रकरण तेथे संपायला हवे होते. पण संपले नाही. घरी गेल्यावर मुलाला ताप भरला, दोन रात्री झोप लागली नाही, आणि ‘बाहेरची बाधा’ म्हणून भगताला बोलवावे असा विचार घरात सुरू झाला. घाबरून त्यानेच मला फोन केला. त्याच्या घरी बसून जे बोललो, तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मुंज्या म्हणजे कोण?

मुंज झाल्यावर, पण सोडमुंज होण्यापूर्वी जो मुलगा मरण पावतो, तो मुंज्या होऊन पिंपळावर राहतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. महाराष्ट्रात कितीतरी गावांत मुंजाबाची लहान देवळे किंवा पिंपळाच्या पारावर शेंदूर लावलेला दगड दिसतो. याच दंतकथेवर आदित्य सरपोतदार यांनी ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट काढला. तो ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. अभय वर्मा, शर्वरी, मोना सिंग, सुहास जोशी हे त्यातील कलाकार. तारांकित नट नाहीत, खर्चही बड्या हिंदी चित्रपटांच्या मानाने थोडा. तरी तरुण मुलांनी तो डोक्यावर घेतला. यातला मुंज्या संगणकाने घडवलेला आहे. त्याच्याकडे आपण शेवटी येऊच. आधी मनोरीचा मुंज्या पाहू या.

टाळ्या कोण वाजवतो?

पिंपळाला संस्कृतमध्ये ‘चलदल’ म्हणजे ‘ज्याची पाने हलतात तो’ असे नाव आहे. या नावातच अर्धे उत्तर आहे. पिंपळाचे पान तळहाताएवढे रुंद, पण त्याचे देठ लांब आणि बारीक असते. रुंद पान वारा जास्त अडवते आणि बारीक देठ सहज वळते. त्यामुळे शेजारच्या आंब्याचे पान ज्या झुळकीने जागचे हलत नाही, तिनेच पिंपळाचे पान डोलू लागते. ही पाने चिवट असतात. ती एकमेकांवर आपटली की टपटप किंवा टाळ्यांसारखा आवाज होतो.

पण तो रात्रीच का ऐकू आला? समुद्रकाठी दिवसा समुद्राकडून जमिनीकडे जोरदार खारे वारे वाहतात. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, आणि वारा दिशा बदलून जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. याला मतलई वारे म्हणतात. हा वारा मंद असतो. सगळी झाडे स्तब्ध आणि एकटा पिंपळ बोलतो आहे, असा देखावा तयार होतो तो त्यामुळे!

मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली होती : कोणीतरी अगदी जवळ कुजबुजत होते. याचेही उत्तर पाठ्यपुस्तकातच आहे. हवेतील ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. ० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे २० अंशांना ३४३ आणि ३० अंशांना ३४९ मीटर. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते. तेथे ध्वनी जलद जातो, आणि तरंग वरच्या थंड हवेकडे वाकून आपल्या डोक्यावरून निघून जातात. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री वाळू आणि माती झपाट्याने थंड होते. जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची उबदार अशी उलटी रचना होते. मग वर निघालेले तरंग पुन्हा खाली वाकतात आणि दूरचे बोलणे जवळ ऐकू येते. त्यातच दिवसाचा गोंगाट थांबलेला असतो. गावाच्या टोकाला चाललेल्या गप्पांतले अर्धवट शब्द त्या रात्री पिंपळापाशी पोचत होते.

नजर रोखली की नाहीसा!

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. पाहायला गेले की दिसत नाही, मान वळवली की दिसतो, असे का व्हावे?

आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ६० लाख. त्यांना रंग आणि बारकावे कळतात, पण भरपूर प्रकाश लागतो. दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी. त्या अंधुक प्रकाशातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. म्हणूनच रात्री सारे जग करडे दिसते आणि त्यातली पांढरी वस्तू तेवढी उठून दिसते. (भुते बहुधा पांढऱ्या कपड्यांतच का दिसतात, याचा विचार करा.)

आपण ज्या वस्तूवर नजर रोखतो, तिची प्रतिमा दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर पडते. तेथे शंकूपेशींची दाटी असते, दंडपेशी मात्र एकही नसते! त्या सर्वांत दाट असतात त्या मध्यापासून पंधरा-वीस अंश बाजूला. म्हणजे काळोखात आपल्या दृष्टीच्या ऐन मध्यावर एक छोटे भोक असते. त्याचा व्यास सुमारे एक अंश. हात लांब करून करंगळी धरली तर तिची रुंदी साधारण एवढीच भरते.

आता छोटे गणित करू. सव्वा मीटर उंचीची वस्तू ७० मीटरांवरून पाहिली तर ती किती अंशांचा कोन करील? १.२५ ला ७० ने भागले की सुमारे ०.०१८ रेडियन, म्हणजे एक अंश. लहान मुलाएवढे ते पोते नळापासून साधारण एवढ्याच अंतरावर होते. मुलाने त्यावर नजर रोखली की ते बरोबर त्या भोकात जाई. नजर थोडी ढळली की दंडपेशींवर येऊन पुन्हा प्रकट होई.

गंमत अशी की त्याच रात्री, तासाभरापूर्वी, मी सर्व मुलांना हीच युक्ती शिकवली होती. देवयानीतील अंधुक दीर्घिका साध्या डोळ्यांनी शोधायची तर तिच्याकडे सरळ पाहायचे नाही, किंचित बाजूला पाहायचे. मग ती धूसर ठिपक्यासारखी दिसते. मुलाने दीर्घिका पाहिली आणि पोतेही पाहिले. दोन्ही वेळा डोळ्याने एकच काम केले. पहिल्या वेळी मनात तारकांचा नकाशा होता, दुसऱ्या वेळी नुकताच पाहिलेला चित्रपट. शिवाय मोबाइलच्या पडद्यावरून उठून तो थेट काळोखात गेला होता. दंडपेशी पूर्ण कार्यक्षम व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. त्याने त्यांना दोन मिनिटेही दिली नव्हती. अपुऱ्या चित्रातल्या रिकाम्या जागा मेंदू आपल्या आठवणींनी भरून काढतो, आणि तशा त्या त्याने भरल्या.

पडद्यावरचा मुंज्या

रंगभूमीवर भूत आणण्याची सर्वांत प्रसिद्ध युक्ती म्हणजे साधी काच. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी चार्ल्स डिकन्सच्या एका भूतकथेत ती वापरली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. रंगमंचावर मोठी काच तिरपी उभी करायची, आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात नटाला उभे करून त्याच्यावर प्रखर प्रकाश टाकायचा. काचेत पडलेली त्याची आभासी प्रतिमा रंगमंचावरच्या नटांमध्ये वावरताना दिसते आणि तिच्या आरपारही दिसते! समोरून पडलेल्या प्रकाशापैकी काच जेमतेम आठ टक्के परत पाठवते. म्हणून मागे काळोख हवा. आपल्याकडे रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून थोड्या पैशांत भयपट काढले. अंधार आणि धुके हेच त्यांचे भांडवल होते, कारण काळोखात मुखवट्याचे दोष झाकले जातात.

‘मुंज्या’त संगणक आहे. नट मोकळ्या जागेकडे पाहून घाबरतात आणि भूत नंतर चित्रचौकटीत बसवले जाते. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी होतात. भूत असलेल्या प्रत्येक चौकटीत संगणकाला हिशेब करावा लागतो : दिवा कोणत्या बाजूला आहे, सावली किती लांब पडेल, डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका कोठे चमकेल, उडी मारल्यावर गुरुत्वाकर्षणाने तो किती वेळात खाली येईल. भुताला सावली नसते असे आजी सांगते. पण पडद्यावरच्या भुताची सावली चुकली तर प्रेक्षक हसतात! पदार्थविज्ञानाचे सगळे नियम निमूटपणे पाळले, तरच ते भूत खरे वाटते.

करून पाहा

स्वच्छ काचेचा एक तुकडा टेबलावर उभा करा. काचेच्या अलीकडे १५ सेंटिमीटरवर पेटती मेणबत्ती ठेवा, आणि पलीकडे बरोबर तेवढ्याच अंतरावर पाण्याने भरलेला पेला. मेणबत्ती थेट दिसू नये म्हणून तिच्यापुढे पुठ्ठा धरा आणि खोलीत अंधार करा. पाण्यात ज्योत जळताना दिसेल. प्रतिमा आरशाच्या मागे वस्तूइतक्याच अंतरावर असते, हा नियम तुम्ही पाठ केलेला आहे. येथे तो डोळ्यांनी दिसतो. मेणबत्ती पडद्यांपासून दूर ठेवा आणि घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरी मी हाच प्रयोग केला. त्याच्या आजीने पेल्यात बोट घालून पाहिले, आणि मग दोनदा पुन्हा घालून पाहिले. ताप घशाच्या संसर्गाचा निघाला. डॉक्टरांच्या औषधाने तो चार दिवसांत उतरला. भगताला बोलवण्याचा विचार मागे पडला.

तो मागे पडला याचे मला फार समाधान वाटले. भूत उतरवण्याच्या नावाखाली आपल्याकडे माणसांना दोरीने किंवा साखळीने बांधतात, छडीने मारतात, मिरचीची धुरी देतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून अनेक वर्षे झटून काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याखाली अशा कृत्यांना सहा महिने ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. तुमच्या माहितीत असे काही घडत असेल तर शिक्षकांना सांगा. गप्प बसू नका.

चित्रपट मात्र जरूर पाहा आणि दचकण्याची मजाही घ्या. त्यानंतर काळोखात जावे लागले, तर आधी डोळ्यांना वीस मिनिटे द्या. काही दिसलेच, तर एकदा सरळ पाहा, एकदा बाजूला पाहा, आणि मग विजेरी लावून जवळ जा.

आमचा विद्यार्थी यंदा पुन्हा शिबिराला येतो आहे. पाणी आणण्याचे काम त्याने स्वतःहून मागून घेतले आहे. फक्त विजेरी सोबत नेण्याची परवानगी मागितली. ती मी आनंदाने दिली.