बोटीवर पानावर बसताना

बॅगा जवळजवळ भरून झाल्या होत्या. जबलपूर–मुंबई गरीबरथाची तिकिटं आली होती, आजीने लाडवांचा डबा कपड्यांच्या मधोमध दडवला होता. तेवढ्यात सुनेने बोटीच्या माहितीपत्रकातली एक ओळ मोठ्यांदा वाचली. एका रात्री जेवणाला ‘फॉर्मल’ पोशाख हवा होता. मोठ्यांचं निभणार होतं. लग्नसराईतल्या साड्या होत्या, एक बंदगळा होता. पण सहा वर्षांचा नातू आणि तीन वर्षांची नात?

“फुहाऱ्याच्या बाजारातून कोट घेऊ या का त्याला?”

“जेवायला कोट?” आजी म्हणाली. “सांडणार आहे तो. जेवायला जे घालायचं, ते धुता आलं पाहिजे.”

गंमत म्हणजे आजीचं हे मत बोटीवरच्या नियमांपासून फारसं लांब नाही. २०२१च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची बोट मुंबईहून सुटू लागली आणि क्रूझ ही गोष्ट मध्यमवर्गाच्या सुट्टीच्या यादीत आली. त्याआधी, २०१८ साली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ‘आंग्रिया’ मुंबई–गोवा मार्गावर सुरू झाली होती. सिंगापूरची सहल करणारी कुटुंबंही आता तिथून तीन-चार रात्रींची बोट धरतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहणाऱ्या जबलपूरकरांनाही म्हणूनच हा प्रश्न पडू लागला आहे.

आधी नियम समजून घेऊ. बहुतेक बोटींवर जेवायच्या दोन तऱ्हेच्या जागा असतात. एक बुफेची, जिथे पोशाखाची फारशी चौकशी नसते. दुसरी मुख्य भोजनगृहाची, जिथे टेबल ठरलेलं असतं आणि वाढपी येऊन वाढतात. पोशाखाची अट प्रामुख्याने या दुसऱ्या जागेसाठी असते. सात रात्रींच्या सफरीत साधारण दोन रात्री नटण्याच्या असतात, तीन-चार रात्रींच्या सफरीत एखादी, आणि छोट्या सफरीत कधी एकही नाही. कुनार्डसारखी जुन्या वळणाची कंपनी संध्याकाळी सहानंतरच्या पोशाखाबद्दल आजही काटेकोर आहे. उलट नॉर्वेजियन या कंपनीने २०००च्या सुमारास ही सक्तीच सैल केली. मुलांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी हात सैलच असतो. अडवलं जातं ते ओल्या पोहण्याच्या कपड्यांना आणि अनवाणी पायांना. नटण्याच्या रात्री नटायचं नसेल, तर बुफेचा रस्ता बहुधा मोकळा असतो. म्हणजे बोटीचं मुख्य मागणं इतकंच, की पोहण्याच्या तलावातून थेट ताटावर येऊ नका.

मग हा कोटाचा बागुलबुवा आला कुठून? त्याची कथा एका लहान मुलापासून सुरू होते. १८४६च्या सप्टेंबरात राणी व्हिक्टोरिया कुटुंबासह राजघराण्याच्या बोटीवरून इंग्लिश खाडीतल्या बेटांकडे निघाली होती. थोरला राजपुत्र अल्बर्ट एडवर्ड तेव्हा चार वर्षांचा. त्याच्यासाठी खलाशांसारखाच पांढरा पोशाख शिवून घेतला होता. त्या पोशाखातलं त्याचं चित्र विंटरहाल्टर या चित्रकाराने काढलं आणि युरोपभरच्या मुलांच्या अंगावर खलाशी पोशाख चढला. आपल्याकडच्या फ्रॉकना आणि शाळांच्या गणवेशांना असलेली सेलर कॉलर त्याच वंशातली.

हाच मुलगा मोठेपणी पोशाखाचा शौकीन निघाला. आजच्या डिनर जॅकेटचा उगम त्याने १८६५च्या सुमारास लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याकडून शिवून घेतलेल्या आखूड कोटात सांगितला जातो. म्हणजे बोटीवर मोठ्यांना धाक घालणारा कोट आणि लहानांचा सुटसुटीत सदरा, दोन्ही एकाच माणसापाशी येऊन पोचतात. त्यातला मुलांसाठी मुद्दाम शिवलेला पोशाख सुटसुटीतच होता, हे विसरायला नको.

या कथेत जबलपूरही आहे. १८७५ साली इथल्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून स्नूकर हा खेळ काढला. ज्या मेसमध्ये हे घडलं, तिथे संध्याकाळी जेवणासाठी कपडे बदलणं हा शिस्तीचा भाग होता. पण इथल्या उकाड्यात कोटाखाली जाकीट घालणार कोण? मग हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी कंबरेला इथलाच कमरबंद गुंडाळला. तो पुढे साहेबी औपचारिक पोशाखात जाऊन बसला आणि आज बोटीवरच्या नटण्याच्या रात्रीही दिसतो. पायजमाही इथूनच गेला, पण त्याला तिकडे झोपण्याच्या खोलीत पाठवलं. म्हणून एखाद्या आईला वाटतं, की कुर्ता-पायजमा चालेल ना? निर्धास्त चालेल. अनेक क्रूझ कंपन्या प्रवाशांचा राष्ट्रीय किंवा पारंपरिक पोशाख औपचारिक मानतात. मुलीचं खणाचं परकर-पोलकं आणि मुलाचा झब्बा हा आपला ‘फॉर्मल’च आहे. भाड्याच्या चिमुकल्या टक्सेडोवर पैसे घालवायची काही गरज नाही.

जेवणासाठी कपडे बदलणं हे साहेबाचं खूळ, असं म्हणायचीही सोय आपल्याला नाही. जुन्या कर्मठ घरांत सोवळ्याचा मुकटा नेसल्याशिवाय पुरुष पानावर बसत नसत. तेव्हाही मुंज न झालेली मुलं या जाचातून सुटलेली असत. त्या सोवळ्यामागे शिवाशिव होती, माणसाला माणसापासून दूर ठेवणं होतं. ते गेलं हे चांगलंच झालं. बोटीच्या औपचारिक पोशाखामागेही वरच्या वर्गाची ऐट होतीच. दोन्हींतली ऐट वजा केली तर उरतं ते साधं आहे. खेळून आलात, हातपाय धुवा, मळके कपडे बदला आणि सगळ्यांबरोबर बसा.

कोकणच्या बोटींवर तर तेवढंही नव्हतं. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, वेंगुर्ले, पणजीकडे जाणाऱ्या आगबोटीच्या डेकवर वळकटी पसरायची आणि बांधून आणलेली भाकरी सोडायची. मुलं ज्या कपड्यांत चढत त्याच कपड्यांत जेवत, झोपत आणि उतरत. बोट तेव्हा गावी पोचवणारं वाहन होती. आता बोटीवर राहणं हीच सहल झाली आहे आणि रात्रीचं जेवण हा तिचा मुख्य कार्यक्रम. पोशाखाचा प्रश्न त्यामुळे आला.

आता बॅगेकडे वळू. पहिला धडा चढतानाचाच आहे. मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतल्या जातात आणि खोलीपर्यंत यायला काही तास लागू शकतात. पहिल्या रात्रीचे मुलांचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत, नाहीतर प्रवासात चुरगळलेल्या टी-शर्टवरच पहिलं जेवण होतं. दुसरं, आगीच्या भीतीने खोलीत इस्त्री वापरू देत नाहीत. कडक इस्त्रीचा कॉटनचा झब्बा घडीतून निघतो तेव्हा पापडासारखा दिसतो. विणीचं कापड, खण किंवा थोडं सुरकुतलेलंच शोभणारं कापड बरं.

तिसरं, भोजनगृहात एसी जोरात असतो. तलावावरून आलेली, ओल्या केसांची मुलं तिथे कुडकुडतात. डिसेंबरातल्या लग्नात शेरवानीवर स्वेटर चढवणाऱ्या जबलपूरच्या आयांना हे वेगळं सांगायला नको. फक्त स्वेटर पोशाखाला साजेसा घ्या. झब्ब्यावर साधं जाकीट असलं की थंडीही भागते आणि थाटही राहतो.

चौथी गोष्ट नाडीची. जेवण वाढायला वेळ लागतो, आणि नेमकं सूप आलं की मुलाला बाथरूमला जायचं असतं. नाडीच्या चोळण्याची गाठ त्या क्षणी कोणाच्या बापाला सुटत नाही. इलॅस्टिक लावून घ्यावं. मुंबईच्या डोंगरीत मिळणाऱ्या जाड कापडावरून जिला नाव मिळालं असं सांगतात, ती डंगरी दिसते छान. पण तिचे पट्टे सोडवेपर्यंत उशीर होतो. ती दिवसा डेकवर घालावी.

पाचवं, पायांत काय? बोट हलते, डेक ओला असतो. गुळगुळीत तळाची मोजडी घसरते. पट्ट्याची, रबरी तळाची सँडल सगळ्यांत बरी. ओढणी डेकवरच्या वाऱ्यात उडते, जरदोजी मानेला टोचते, आणि टोचू लागलं की मूल जेवत नाही, रडतं. सोन्याची साखळी घरीच ठेवावी. जबलपूरजवळच्या बर्गीच्या जलाशयात किंवा भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून होडीने जाताना तर पोशाखाचा एकच निकष लावावा: त्यावर लाइफ जॅकेट नीट बसलं पाहिजे, पट्टे घट्ट आवळता आले पाहिजेत. घेरदार घागरा तिथे नको.

एवढं करूनही शंका उरलीच, तर घरी रंगीत तालीम घ्यावी. आमच्याकडे आजीनेच घेतली. दोन्ही मुलांना ठरवलेले कपडे घालून टेबलाशी बसवलं आणि पुढ्यात कमानिया गेटजवळून आणलेली खव्याची जिलबी ठेवली. काळपट तपकिरी, पाकाने निथळणारी ही जिलबी कपड्याची जी परीक्षा घेते, ती जगातल्या कुठल्या भोजनगृहात होणार नाही. शेजाऱ्यांकडून हौसेने मागून आणलेली नातवाची क्रीम रंगाची शेरवानी दुसऱ्या घासाला गारद झाली. ती धुलाईला देऊन परत करावी लागली. नातीच्या गर्द जांभळ्या खणावर पाक सांडला, तो ओल्या फडक्याने पुसला आणि काही झालंच नाही असं दिसलं.

नातवासाठी मग निळा झब्बा, जाकीट आणि इलॅस्टिकचा पायजमा निघाला. कोटासाठी बॅगेत राखून ठेवलेल्या जागेत आजीने लाडवांचा दुसरा डबा बसवला. बाहेरचं खाणं बोटीवर चढू देत नाहीत, हे तिला सांगायला मात्र अजून कोणी धजावलेलं नाही.