वर्षात दोनदा कात्री

ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर द्राक्षवेल जमिनीलगत गोल गोल वळवून तिची टोपली करतात. घड आत राहतात आणि समुद्रावरचा वारा वरून निघून जातो. बेट ज्वालामुखीच्या राखेचं. मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड त्या मातीत टिकत नाही, म्हणून तिथली वेल आजही स्वतःच्याच मुळावर उभी आहे. असिर्तिको हे वाइनचं द्राक्षही त्या बेटाचंच. दख्खनचा काळा दगडही ज्वालामुखीतूनच आला. मग नाशिकच्या वाइनमध्ये नाशिकचं नेमकं काय, या प्रश्नाने मला मानपाड्याहून कसारा घाटापलीकडे नेलं. मुद्दाम ऑक्टोबर छाटणीचे दिवस गाठले होते.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. नाशिकच्या जुन्या बागा भोकरी आणि फकडी या बियांच्या द्राक्षांच्या होत्या. नंतर बिनबियांच्या थॉमसनने सगळं व्यापलं. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फेसाळ वाइन काढली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशात पाठवली. गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी सुला या वायनरीची सुरुवात केली, २००० साली तिची पहिली वाइन आली आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. विंचूरचं वाइन पार्क त्याच धोरणातून उभं राहिलं. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे.

पण बागेत उभं राहून पाहिलं तर वेगळंच दिसतं. जमिनीतला खुंट डॉगरिज, म्हणजे अमेरिकेतल्या रानद्राक्षाचा. खारं पाणी आणि पाण्याची ओढ सोसतो म्हणून लावलेला. त्यावर भरलेलं कलम शेनिन ब्लांक, सोव्हिनियॉन ब्लांक किंवा शिराझचं, म्हणजे फ्रान्सचं. मूळ तिकडचं, वेल तिकडची. इथली आहे ती कात्री.

थंड देशात हिवाळा आला की वेलीची पानं गळतात, वेल झोपते आणि वसंतात जागी होते. तिथे वर्षातून एकदा छाटलं की भागतं. नाशिकची थंडी कितीही बोचरी असली तरी वेलीला तशी झोप लागत नाही. ती वाढतच राहते आणि नुसती वाढली तर पानंच देते. म्हणून इथे वेलीला वर्ष कसं मोजायचं ते माणूस शिकवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे ठेवून जुनी काडी काढून टाकतात. नवी फूट येते, तिचा शेंडा मारून सबकेन, म्हणजे उपकाडी, करतात आणि मे-जूनच्या कडक उन्हात त्या काडीच्या डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. ते बाहेरून दिसत नाहीत. पावसाळाभर काडी पिकते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. घड जिथे आहे त्या डोळ्याच्या जरा पुढे काडी कापायची आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करायचं. जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी.

मला थक्क केलं ते या दुसऱ्या कापाने. पेठ तालुक्यातून आलेल्या टोळीतला एक छाटणीवाला मी बराच वेळ पाहत होतो. काडी डाव्या हातात धरायची, अंगठ्याने डोळे चाचपत पुढे जायचं, थांबायचं, कापायचं. एका काडीला काही क्षण. डोळा फुगीर असेल तर त्यात घड, चपटा आणि टोकदार असेल तर पानं, असं तो म्हणाला. बागायतदार छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत पाठवतात, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून कितव्या डोळ्यात घड आहे ते पाहतात. पण अहवाल चार-सहा काड्यांचा, आणि बागेत काड्या हजारो. प्रत्येक काडीवरचा निर्णय शेवटी त्या अंगठ्याचाच. वाइनच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव असतं, वर्ष असतं. हे कसब तिथे कुठेच नसतं, आणि मजुरी एकराच्या ठेक्यावर ठरते.

आता पंचाईत अशी की सगळं गणित उन्हावर बसलेलं आहे. मे महिन्यात आभाळ आलं की डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता ताणा, तयार होते. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोहोचला, नोंदीतला सर्वांत लवकरचा. नाशिकलाही त्या महिन्यात पावसाने झोडपलं. अशा वर्षी ऑक्टोबरमध्ये कितीही जाणता हात असला तरी नसलेला घड तो कुठून काढणार? ऑक्टोबरात पाऊस लांबला तर पोंग्यातले, म्हणजे नुकत्या फुटलेल्या कोंबातले, घड जिरतात, डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, फवारणीमागून फवारणी होते. २६ नोव्हेंबर २०२३ला निफाड भागात गारा पडल्या आणि उभ्या बागा झोडपल्या गेल्या. यातून वाचलेलं द्राक्षही वाइनसाठी वेळेत उतरवावं लागतं. फेब्रुवारी तापला की गोडी झपाट्याने चढते, आंबटपणा उतरतो आणि वाइन बोथट होते. म्हणून तोडणी पहाटेच्या गारव्यात करतात.

यावरचा एक रस्ता वाणाचा आहे. शेतकऱ्यांनी तो खायच्या द्राक्षात दाखवून दिला आहे. तासगावच्या बागेत वेगळी दिसलेली काडी जपली गेली, तीच तास-ए-गणेश. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी तसंच निरखून सोनाका आणि शरद सीडलेस दिले. बेंगळुरूच्या फलोत्पादन संस्थेने वाइनसाठी अर्का सोमा, अर्का तृष्णा तयार केली. नाशिकच्या मोठ्या वायनऱ्यांनी मात्र मुख्यतः फ्रेंच नावांची कास धरली, कारण गिऱ्हाईक तीच नावं ओळखतं. ही चूक आहे, असं माझं मत आहे. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्या केंद्राने आणि वायनऱ्यांनी मिळून इथल्या ढगाळ मे महिन्यातही घड धरणारं, जाड सालीचं, बियांचं एक वाइनचं द्राक्ष शोधायला हवं, आणि त्या कामात काडी चाचपून ओळखणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या छाटणीवाल्यांना सोबत घ्यायला हवं.