रवा स्थायू की द्रव? प्राथमिक अध्यापनातील एक अडचण

'जो पात्राचा आकार घेतो तो द्रव' ही व्याख्या ऐकून एखादे मूल रव्याला द्रव म्हणते, तेव्हा त्याचे उत्तर चूक ठरविले जाते. वस्तुतः त्याने व्याख्या काटेकोरपणे लावलेली असते. उणीव व्याख्येतच आहे. भुकटीच्या वर्गीकरणात मुलांचा गोंधळ होतो, हे रूथ स्टॅव्ही व दिना स्टॅकेल यांच्या १९८५ मधील अभ्यासातूनही दिसून आले. म्हणून प्रारंभ तांदळाने करावा. तांदूळ ओतता येतात, परंतु दाण्याला द्रव कोणी म्हणत नाही. त्यानंतर रवा, शेवटी पीठ. ताटात ओतल्यावर या तिन्हींचा ढीग होतो, पाणी मात्र पसरून सपाट होते. भिंगातून पाहिल्यास रव्याचा प्रत्येक कणही स्वतःचा आकार राखून असल्याचे आढळते. व्याख्या या निरीक्षणानंतर, मुलांच्याच शब्दांत यावी.