वासराला चीक, मग बाळाला का नको?

गाय व्याली की तुम्ही काय करता? वासराचं नाक-तोंड पुसता, अंग कोरडं करता आणि तास-दोन तासांत त्याला चीक पाजता. चीक चुकला तर वासरू हगवणीने जातं, हे गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच घरात सून बाळंत झाली, की तिचं पहिलं घट्ट पिवळं दूध 'बाळाला पचायचं नाही' म्हणून पिळून टाकलं जातं. बाळाच्या तोंडात जातो मध, नाहीतर साखरपाणी. शेतीच्या कामाने घरोघर फिरताना हे आजही पाहायला मिळतं.

फरक एवढाच, की बाळाला थोडी रोगप्रतिकारशक्ती आईच्या पोटातच मिळते, वासराला तीही मिळत नाही. बाकी चिकाचं काम एकच, रोगापासून राखण. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर पाजावे. पहिल्या दिवशी दूध थोडं येतं, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. रात्र धरून ८ ते १२ वेळा पाजावे. सहा महिने वरचं पाणीसुद्धा देऊ नये.

ऊब : पहिले २४ तास अंघोळ घालू नये. बाळ पुसून, टोपडं घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ही ऊब फारच मोलाची.

नाळ : कोरडी ठेवावी. हळद, राख, शेण काही लावू नये. शेणामातीतून धनुर्वात होतो.

बाळंतीण : तिला पाणी तोडू नये. भाकरी, डाळ, पालेभाजी पोटभर द्यावी. लोहाच्या गोळ्या १८० दिवस चालू ठेवाव्यात. दुभत्या गाईची वैरण आपण कधी कमी करतो का?

हे फक्त मोठ्या दवाखान्यातच जमतं असं समजू नका. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना हे काम शिकवलं. १९९५ ते १९९८ या काळात तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २०११ पासून देशभर आशाताई अशाच घरभेटी देतात. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी. बाळंतपण घरी झालं तर पहिल्या दिवशीही. त्यांना दारातून परत पाठवू नका.

बाळाने दूध ओढणं सोडलं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, नाळेतून पू आला. किंवा आईला फार रक्त जाऊ लागलं, ताप वा झटके आले, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नये. १०२ किंवा १०८ ला फोन करावा. गाडी मोफत येते.

सरपंच व सदस्यांनी हे दोन नंबर पंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहून घ्यावेत. गावात कोण बाळंत झाली आणि आशाताईंच्या भेटी झाल्या का, हे मासिक सभेत विचारावे. गोठ्यात जे शहाणपण आपण रोज वापरतो, तेच माजघरात वापरायचं आहे. त्याला पैसा लागत नाही.