संगणकवाणीतील प्रतिस्थापन आणि देवनागरीची शब्दसीमा

लिखित मजकुराचे वाणीत रूपांतर करणाऱ्या यंत्रणेच्या हाती तो मजकूर जसाच्या तसा क्वचितच पडतो. संक्षेप, रकमा, वेळा, दिनांक यांना आधी उच्चारक्षम रूप द्यावे लागते. हे कार्य पुष्कळदा वाणीयंत्रणेच्या अलीकडे असलेल्या आज्ञावलीत, आकृतिबंधांच्या साहाय्याने केले जाते. आकृतिबंध म्हणजे एखादा ठरावीक शब्द नव्हे, तर अक्षरमालिकांच्या एका वर्गाचे सूत्ररूप वर्णन होय. अशा सूत्रांची गणिती बैठक स्टीफन क्लीनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आढळते. केन टॉम्पसन यांनी १९६८ मध्ये त्यांचा उपयोग मजकुराच्या शोधासाठी करून दाखविला.

अंध वाचकांसाठी ऑस्ट्रेलियात २००६ साली आरंभ झालेल्या एनव्हीडीए या प्रणालीतील उच्चारकोश हे या पद्धतीचे चांगले उदाहरण आहे. ही प्रणाली मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेली असून कोशातील नियमांत त्याच भाषेची आकृतिबंध-सूत्रे वापरता येतात. प्रत्येक नियमात एक आकृतिबंध व त्याच्या जागी घालावयाचा मजकूर असतो. नियम क्रमाने लागू होतात आणि एका नियमाचे फलित पुढील नियमापुढे येते. म्हणून क्रम बदलला की अर्थही बदलू शकतो.

‘रु. ५००’ हे ‘५०० रुपये’ असे ऐकू यावे, एवढीच अपेक्षा घेऊ. ‘रु.’नंतर मोकळी जागा व त्यापुढे एक वा अधिक अंक, असा आकृतिबंध रचून ते अंक स्मरणात ठेवावयाचे आणि त्यांच्यापुढे ‘रुपये’ जोडावयाचे. नियम निर्दोष भासतो. परंतु ‘रु. १,२५०’ येताच अंकांची ओळ स्वल्पविरामाशी तुटते आणि ‘१ रुपये,२५०’ असे फलित मिळते. डोळस वाचक पडद्याकडे पाहून खात्री करून घेईल; केवळ श्रवणावर अवलंबून असलेल्यास आपल्या खात्यातील रक्कम अशी कळणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

याहून सूक्ष्म दोष शब्दसीमेचा आहे. ‘रु’ हा स्वतंत्र शब्द असेल तरच तो बदलावा, यासाठी सूत्राच्या दोन्ही टोकांना शब्दसीमेचे चिन्ह लावण्याचा प्रघात आहे. पायथनच्या अंगभूत आकृतिबंध-संचात सीमा म्हणजे शब्दवर्ण व अशब्दवर्ण यांचा सांधा. अक्षरे आणि अंक हे तेथे शब्दवर्ण ठरतात. मात्रा, अनुस्वार व हलन्तचिन्ह ठरत नाहीत. त्यामुळे ‘विद्या’ हा एक शब्द त्या संचास व, द, य अशा तीन तुकड्यांत दिसतो. ‘रु’च्या शेवटी उकार आहे. त्यापुढे टिंब किंवा मोकळी जागा आली, तर दोन्ही बाजूंस अशब्दवर्णच असल्याने सीमा उरत नाही आणि नियम लागू होत नाही. उलट ‘रुमाल’मध्ये उकारापुढे ‘म’ येताच सीमा सापडते आणि ‘रुपयेमाल’ ऐकू येतो! जेथे बदल हवा तेथे तो होत नाही, नको तेथे मात्र अचूक होतो. हिंदी, बंगाली, तमिळ यांचीही हीच गत आहे. आकृतिबंधांविषयीच्या यूनिकोडच्या १८ व्या तांत्रिक मानकाने मात्रादी चिन्हांस शब्दवर्णांत गणण्याची शिफारस केली आहे. हा संच तिचे पालन करीत नाही.

उपाय अवघड नाही. सीमाचिन्ह टाळून ‘मागे वा पुढे देवनागरी पट्ट्यातील कोणतेही चिन्ह नसावे’ अशी अट सूत्रातच घालावी. मात्र १२८ स्थानांच्या या पट्ट्यात दंड आणि देवनागरी अंकही आहेत. म्हणून जागा न सोडता लिहिलेले ‘रु५००’ या अटीतून निसटते. अंकांना अपवाद द्यावाच लागतो.

एवढ्यानेही ‘दुसऱ्या’सारखे शब्द पकडता येतीलच असे नाही. त्यातील ‘ऱ’ एकाच संकेताने लिहिलेला असतो, किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनी; शिवाय पुष्कळ जुन्या धारिकांत ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह असाही क्रम आढळतो. डोळ्यांना तिन्ही रूपे सारखीच. सूत्राला ती तीन निरनिराळी. यूनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिली दोन एकरूप होतात, तिसरे होत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहून तो कोशाच्या आरंभी, इतर सर्व नियमांच्या आधी ठेवावा लागतो.